परातीतलं वर्तुळ

आमच्या चाकणच्या कंपनीच्या लॅबमध्ये जंतू वाढवायचं माध्यम शिजतं, तेव्हा पातळ रश्श्यासारखा वास सुटतो. बी. फार्मला असताना कॉलेजच्या लॅबमधला तोच वास अंगावर घेऊन एकदा मी चिंचवडच्या आमच्या चाळीतल्या खोलीवर पोचले, तर माझे वडील, आप्पा, अँटिबायोटिकच्या उरलेल्या गोळ्या डब्यात ठेवत होते. कारखान्यात प्रेस मशीनवर चेचलेलं त्यांचं बोट पिकलं होतं. सूज उतरली तसं त्यांनी औषध थांबवलं होतं.

"बरं झालंय की. चाळीत कुणाला तरी लागतील."

मी परातीतल्या पिठावर एक गोळी ठेवली, भोवतीचं पीठ बोटानं गोल बाजूला सारलं, लॅबमध्ये औषधाभोवती जंतू मरून मोकळं वर्तुळ पडतं तसं. "आप्पा, एवढे जंतू मेले. कडेचे जिवंत आहेत. आता थांबलात तर परत पसरतील, बोट जाईल."

तेवढ्यात शेजारचे काका दारात आले.

"भाऊ, घसा धरलाय. दोन गोळ्या द्या की."

"न्हाई मिळायच्या." आप्पांनी पिठातली गोळी पुसली आणि पाण्याबरोबर गिळली. "डॉक्टरकडं जावा. आमच्या घरात आता फार्मसीवाली हाय, ती वरडती."

तेव्हा वाटलं, आप्पांनी शेजाऱ्याला नुसतं कटवलं. आज कळतं, सुपरवायझरलाही न जुमानणाऱ्या माणसानं चाळीसमोर माझं ऐकलं होतं.