बुडेना ते घटिकापात्र

साता समुद्रांपलीकडे कुठेतरी लढाई लागली होती म्हणे, आणि आमच्या वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचे दिवस आले होते. सोनं कुणाच्या घरात गेलं ते मला विचारू नका. आमचा माणूस कापसाच्या गाड्या घेऊन मुंबईच्या वाटेला लागला तो परतलाच नव्हता. म्हणून सासू, मी आणि माझी तान्ही लेक अकोल्याहून पोटासाठी अमरावतीला आलो. तिथे एका व्यापाऱ्याच्या शेडात मी चरखीवर बसत असे. लाकडी दांडा फिरवायचा, कापूस घालायचा. रुई पलीकडे पडते, सरकी अलीकडे.

त्या व्यापाऱ्याच्या डोक्यातून एक खूळ निघालं. लग्नात मुहूर्त बघायला जोशी घंगाळात घटिकापात्र सोडतो ना, तळाला बारीक छिद्र असलेली वाटी? तसलंच, पण चांगलं मोठं पात्र त्याने तांबटाकडून करवून घेतलं. शेडातल्या घंगाळात ते सावकाश भरायचं. पात्र बुडेपर्यंत कुणी उठायचं नाही, बोलायचं नाही, मान वर करायची नाही. बुडालं की मुकादम थाळी वाजवी, तेव्हा थोडी सुटी. काम दुप्पट व्हायला लागलं. खोटं कशाला बोलू, मलाही आधी ते बरं वाटलं. तेवढा वेळ डोक्यात नवऱ्याचा विचार येत नसे.

पण मग लेकीला ताप आला. अंगावरच्या दुधाशिवाय ती काही घेईना. रुई नाकातोंडात जाते म्हणून तान्ही मुलं आत आणू देत नसत. सासू तिला घेऊन फाटकाबाहेर बसायची आणि थाळी वाजली की मी पाजायला धावायची.

त्या दिवशी थाळी वाजेचना. दूध भरून आलं, चोळी भिजली, पात्र मात्र आपलं तरंगतच. बाहेर पोर रडत होती. मी दात खाऊन दांडा फिरवत होते. उठावं तर चरखी जाणार. फाटकाशी रोज नव्या बाया काम मागायला उभ्या असत. चरखी गेली तर मी उपाशी, आणि मी उपाशी म्हणजे ती उपाशी. काय करावं ते सुचेना.

मग रडणं थांबलं.

मी उठले.

"काहून उठली वं?" मुकादम ओरडला. "पात्र बुडलं का?"

"माहं लेकरू गप झालं," मी म्हटलं, आणि फाटकाकडे न जाता घंगाळाकडे गेले. पात्रात बोटभरसुद्धा पाणी नव्हतं. उडती रुई पाण्यावर बसून छिद्रात बोळा झाला होता. सकाळपासून कुणी जवळ जाऊन बघितलं नव्हतं. तरंगत्या घटिकापात्राला हात लावला की अपशकुन होतो, हे आम्ही सगळ्यांनी लग्नांत शिकलेलं. मुकादमही लांबूनच बघायचा. मी दोन्ही हातांनी ते पात्र खाली दाबलं आणि बुडवलं.

"बुडलं," मी म्हटलं. "वाजव आता."

त्याने माझ्याकडे बघितलं, बोळ्याकडे बघितलं आणि थाळी वाजवली.

लेक सासूच्या मांडीवर लुळी पडली होती. तोंड उघडेना. मी दूध पिळून तिच्या ओठांवर सोडत राहिले, देवाला शिव्या देत राहिले. कितीतरी वेळाने तिचा गळा हलला. मग तिने धरलं, अगदी हलकं, पण धरलं. दोन-चार घोट गेले असतील नसतील, तोच आतून हाक आली.

"जाय बाई," सासू खाली बघत म्हणाली. "पुन्हा पात्र सोडलं त्यानं."

मी करंगळी लेकीच्या ओठांत घालून तिला सोडवलं आणि आत गेले. ती पुन्हा रडायला लागली. ते पात्र बुडेपर्यंत ती रडत होती, आणि ती रडतेय म्हणूनच माझा हात चालत होता.