रिकामी राहिलेली जागा

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी बेंगळुरात, चिकपेटजवळच्या एका प्रसूतिगृहात, सुईणीचं काम शिकायला येणाऱ्या मुलींना शिकवत होते. मी स्वतः शिकले तेव्हा एकेका जागेसाठी मुलींची रांग असायची. आता जाहिरात देऊनही अर्ज येईनात. कुणी कपड्यांच्या कारखान्यात जाई, कुणी कॉम्प्युटरच्या क्लासला. ज्या येत, त्यांतल्या कित्येकींचं लक्ष आखातातल्या नोकऱ्यांकडे. "लेबर रूममध्ये किती महिने काढावे लागतील?" हा त्यांचा पहिला प्रश्न.

शेवटी मॅट्रन म्हणाल्या, "खेड्यांत जाऊन मुली शोधून आणा." आमचं घराणं इथं कित्येक पिढ्यांचं, मी कन्नड घरातलीच, म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडलं.

देवनहळ्ळीच्या बाजूला दहावी पास झालेली एक मुलगी भेटली. आदल्याच महिन्यात ती वहिनीला टेंपोतून दवाखान्यात नेत होती आणि वाटेतच बाळ झालं. हिनं ते पुसलं, वहिनीच्या छातीवर ठेवलं, वरून स्वतःची ओढणी लपेटली.

"नाळ नाही कापलीस?" मी विचारलं.

"टेंपोत विळा होता, अक्का. पण गंजलेला. म्हणून तशीच राहू दिली."

अस्वच्छ हत्यारानं नाळ कापायची नाही, ही गोष्ट मुलींच्या डोक्यात उतरवायला मला महिने लागत. मी तिथंच तिचा अर्ज भरून घेतला.

मुलाखत घ्यायला तीन जण बसले होते. मी कोपऱ्यात. मोठ्या डॉक्टरांनी इंग्रजीत विचारलं, "तुला हे काम का करायचंय?" तिला प्रश्न कळला, पण उत्तर कन्नडमध्ये आलं. डॉक्टरांनी पुढचा कागद उचलला.

"सर, तिला टेंपोतलं बाळंतपण विचारा," मी म्हणाले.

"सिस्टर, इंग्रजीत केसपेपर कोण लिहिणार? तुम्ही?"

"लिहायला मी सहा महिन्यांत शिकवीन. बाकीचं तिला येतंय."

जागा मिळाली ती फाडफाड इंग्रजी बोलणाऱ्या एका मुलीला. ती दोन महिन्यांत कॉम्प्युटरच्या कोर्सला निघून गेली.

मग मी अर्जांमागून अर्ज केले, या टेबलावरून त्या टेबलावर गेले, आणि ती जागा देवनहळ्ळीच्या मुलीला द्यायची परवानगी मिळवली. कागद पर्समध्ये घालून मी बस पकडली. मुलगी दारातच भेटली, केसांत दोऱ्यांचे तुकडे अडकलेले. ती आता कारखान्यात शर्टाच्या कॉलरी शिवत होती.

"तिथं कुणी इंग्रजी विचारलं नाही," ती म्हणाली.

"इथंही आता विचारणार नाहीत. जागा तुझीच आहे."

तिनं केसांतला एक दोरा ओढून काढला. "त्या दिवशी मी मुलाखतीतून बाहेर पडताना ते सगळे हसले, अक्का. मला ऐकू आलं. आता नको."

मी तासभर समजावलं. तिनं कॉफी दिली, बसस्टॉपपर्यंत सोबत आली, पण 'सरी', म्हणजे 'बरं', काही म्हणाली नाही. ती जागा वर्षभर रिकामीच राहिली.

पुढच्या वर्षी जाहिरातीत एक ओळ वाढली: इंग्रजी आवश्यक. मॅट्रननी मला पुन्हा खेड्यांत पाठवलं. मी चिडले, भांडले आणि शेवटी गेले. पहिल्याच घरात एक चुणचुणीत मुलगी समोर येऊन बसली, आणि मी तिला आधी इंग्रजीचे मार्क विचारले. माझा मलाच संताप आला.