दोन माणसांची होडी

आमचे आबा कुठेही निघाले की आधी परत यायचं कसं ते विचारायचे. लग्नाला जायचं तर शेवटची यष्टी किती वाजता, भुसावळच्या दवाखान्यात जायचं तर तिथून सुटल्यावर गाडी कोणती. तंबूतल्या सिनेमाला गेले तरी कनातीच्या कडेला बसणार. मला बघायला भडगावला आले, तेव्हा बाकीचे पाहुणे पोहे खात खात माझा रंग न्याहाळत होते आणि या माणसाने माझ्या वडिलांना एकच विचारलं, "आमच्या गावाहून इथं थेट यष्टी हाये का? पोरीले मनात आलं त येता आलं पाह्यजे." वडील तिथेच भुलले. मी मात्र दाराआडून मनात म्हटलं, सासरा भित्रा दिसतो. पुढे कितीतरी वर्षं माझं तेच मत होतं.

धरणाचं पाणी तुंबलं तेव्हा तापीच्या वाळूतल्या आमच्या टरबुजांच्या वाड्या गेल्या आणि गावातल्या अकरा भोई घरांनी मासेमारीची सोसायटी काढली. वाड्या गेल्या, पण टरबूज वाजवून पारखायची आबांची सवय गेली नाही. कुठलीही वस्तू घ्यायची तर बोटाच्या पेराने टकटक करून, मान वाकडी करून ऐकायचे. माठ, पेटी, दाराची फळी, काहीही. माझ्या माहेरून पितळी डबा आला, तोही त्यांनी वाजवला. मी म्हटलं, "आबा, पिकेल शे का कच्चा?" माझ्या माहेरच्या 'शे'ला सगळं घर हसलं. सगळ्यांत जास्त आबा हसले.

ही गोष्ट सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीच्या सुमाराची. तोवर आमच्याकडे वल्ह्यांच्या दोन जुन्या होड्या होत्या. त्या उन्हाळ्यात कुणा ठेकेदाराचा ठेका संपला आणि त्याने मशीनच्या दोन वापरलेल्या होड्या विकायला काढल्या. एक चोवीस फुटी, निळी, उंच कडांची, मागे पंधरा घोड्यांचं मशीन. दुसरी सोळा फुटी, ठेंगणी, डांबर फासलेली, तिचं मशीन आठ घोड्यांचं. सोसायटीला झेपणार होती एकच. ती चालवणार होता माझा नवरा, कारण भुसावळच्या गॅरेजात वर्षभर राहून मशीनचं काम तोच शिकून आला होता. त्यामुळे इतरांना ती होडीची निवड होती. मला मात्र माझा नवरा रोज कशात बसून त्या अफाट पाण्यावर जाणार, याची होती. आणि तरीही सांगते, मला मोठीच हवी होती. मोठी म्हणजे भक्कम, अशी माझी समजूत. शिवाय मासळी दुप्पट. रेल्वे कॉलनीत पाटी घेऊन दारोदार मीच फिरायचे. दहा वाजताच पाटी रिकामी व्हायची आणि गिऱ्हाईक परत जायचं, ते मलाच दिसायचं.

सकाळी पाणी अगदी गप्प होतं. अकराच्या अकरा घरचे बाप्ये निळ्या होडीत चढले. मशीनवर एक फेरी झाली. मग कुणीतरी म्हणालं, वल्ह्यांवर पण पाहू. चार वल्ही, अकरा माणसं, प्रत्येकाला हौस! होडी सुसाट गेली आणि सुसाट आली. उतरल्या उतरल्या त्यांनी तिच्या नाकावर नारळ फोडला. आमच्यात नारळ फुटला की होडी घरची झाली. त्यानंतर नको म्हणणं म्हणजे साखरपुडा झालेली पोरगी नाकारण्यासारखं, पाण्याला राग येतो म्हणतात.

आबा तोवर लहान होडीपाशी बसून टकटक करत होते. कुणीतरी त्यांच्या हातावर खोबरं ठेवलं. त्यांनी ते तोंडात न टाकता सदऱ्याच्या खिशात टाकलं.

"आबा, परसाद शे," मी म्हटलं.

"माहं पाहनं व्हायचं हाये अजून."

"नारळ फुटला की!"

"नारळ तुमी फोडला. मी होडी पाह्यली नाही."

मग त्यांनी आपली अट सांगितली. फेरी दुपारी चारला, वारा सुटल्यावर. होडीवर फक्त दोघं, ते आणि माझा नवरा. आणि विकणाऱ्याने सोबत बसायचं. ही शेवटची अट भोयांची जुनीच. आपली होडी विकायची तर विकणाऱ्याने आधी तिच्यातून घेणाऱ्याबरोबर पाण्यावर जाऊन यायचं. ठेकेदार हसला. "अरे काका, नारियल फूट गया, अब क्या देखना?" म्हणाला. पण नाही म्हणता येईना. आमचे लोक मात्र खवळले. म्हाताऱ्याची बुद्धी नाठी झाली, असं कुणी तोंडावर म्हणालं. राग आला की माझ्या तोंडातून माहेरची बोली निघते, तशी तेव्हाही निघाली. "आबा, तुमले भ्याव वाटस म्हनीसन बठ्ठा गावनी थांबानं का?" त्यांच्या भीतीपायी सगळ्या गावाने का थांबायचं, असं.

आबांनी माझ्याकडे शांतपणे बघितलं. "हो पोरी, वाटते भीती. तुले नाही वाटत, हेच मले खटकते."

चारला वारा सुटला होता. मे महिन्यातला तापलेला, आडवा वारा. होडी निघाली. माझा नवरा मशीनवर, मध्ये आबा, पुढे पायात चपला घालून ठेकेदार. आम्ही सगळे काठावर. होडी अर्ध्या पाण्यावर गेली आणि मशीनचा आवाज बंद झाला.

आम्हाला वाटलं बिघाड झाला. खरी गोष्ट नंतर कळली. आबांनी स्वतः हात घालून तेलाची नळी उपसली होती.

होडी फिरून आडवी झाली. त्या उंच निळ्या कडांवर वारा थडाथड आदळत होता. वल्ही वर जाताना दिसत होती, खाली येताना दिसत होती आणि होडी मात्र उलट्या अंगाला चालली होती. त्या अंगाला बुडालेल्या बाभळींचं रान होतं, पाण्याच्या जेमतेम वर निघालेली काळी खोडं. होडी तिथे आपटली असती तर फळी फुटायला वेळ लागला नसता. ठेकेदार उभा राहून हात हलवत होता. नवऱ्याने नळी परत बसवली, दोरी ओढ ओढ ओढली, मशीन काही घेईना. मी काठाने चिखलातून पळत सुटले. काय ओरडत होते कोण जाणे. मला पोहता येत नाही, आणि येत असतं तरी काय केलं असतं! आमच्या लोकांनी जुन्या दोन्ही होड्या लोटल्या. तेवढ्यात निळी होडी पहिल्या खोडाला घासली, तिकडे माझ्या नवऱ्याने झेप घेऊन दोर टाकला, खोडाला गाठ मारली, आणि ती हिसके खात तिथेच अडकली. जुन्या होड्यांनी तिला ओढत आणेपर्यंत सूर्य बुडाला होता.

ठेकेदार उतरला तो ओकतच. आबांच्या तळहातांची सालटी निघाली होती. मी त्यांच्यावर धावून गेले. सासऱ्यासमोर पदर सावरायचा असतो हेही विसरले. "माझा नवरा मारायला नेला होता तुम्ही!"

"सुपडू माहा पोरगा हाये, बाई," ते म्हणाले, आणि मग सगळ्यांकडे वळले. "सकाळी तुमी अकरा जन बसले. रोज बसनार हाये का अकरा? केळीची कापनी लागली का बठ्ठे रावेरले गाड्या भराले पळता. पान्यावर राह्यते दोघं. मशीन बंद पडीन त्या दिवशी होडीत जितके असतीन, तितक्याइची होडी घ्या."

दुसऱ्या दिवशी त्याच वाऱ्यात लहान होडीचं मशीन बंद करून पाहिलं. दोघांनी वल्ह्यांवर ती आणली. हळूहळू आणली, पण आणली. आम्ही तीच घेतली. फुटलेल्या नारळाबद्दल पाण्याची माफी मागून आबांनी एक अख्खा नारळ सोडला.

निळी होडी पलीकडच्या काठावरच्या सोसायटीने घेतली. खोटं कशाला बोलू, त्यांचं उत्तम चाललं. ते चार सख्खे भाऊ, चौघेही कायम होडीत. त्यांची मासळी टेम्पोने जायची, आमची पाटीने. लोक आबांना चिडवायचे आणि घरात त्यांना टोचायचं काम मी करायचे. एकदा उन्हातून रिकामी पाटी घेऊन आले आणि म्हणाले, "तुमच्या भीतीपायी आमचं पोट अर्धं राहिलं." आबा जेवत होते. घास गिळून म्हणाले, "अर्धं हाये. पन हाये." मला तेव्हा त्याचाही राग आला.

पाच-सहा वर्षांनी फाल्गुनात आबा गेले. दोन दिवसांचा ताप, बस्. बायांबरोबर मीही गळा काढला, सुनेने काढावाच लागतो. पण डोळ्यांत पाणी नव्हतं. मनात अढी होती, ती मेल्या माणसाशीही सुटेना.

त्यानंतरच्या श्रावणात रावेरला केळीची कापणी जोरात होती. गावात बाप्या माणूस उरला नव्हता. पाण्यावर माझा नवरा आणि त्याचा जोडीदार, दोघंच. दुपारी आभाळ काळं झालं आणि असा वारा सुटला की आमच्या छपराचे पत्रे उडाले. होडी यायची वेळ टळून गेली. जुन्या होड्या केव्हाच कुजल्या होत्या. धाडायला काही नव्हतं, कुणी नव्हतं. मी एकटी काठावर उभी. मशीनच्या आवाजासाठी कान टवकारले होते. तो आलाच नाही. एक तास गेला, दोन गेले, तीन गेले. कुंकवाचा विचार मनात आला, तो मी शिव्या देऊन घालवला.

दिवस मावळता मावळता पाण्यावर काहीतरी हललं. वल्हं वर गेलं, खाली आलं. पुन्हा वर गेलं. ठेंगणी काळी होडी वाऱ्याच्या तोंडावर बोटबोटभर सरकत येत होती. मशीनचा पंखा लांबवर तुटून पडला होता आणि तिथून दोघं वल्हवत आले होते. नवरा उतरला, चिखलात बसला आणि म्हणाला, "पानी दे."

मी त्याला पाणी दिलं आणि तिथेच भुईवर बसून मोठ्याने हंबरडा फोडला. तोवर शेजारच्या बाया धावून आल्या होत्या. पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "आला ना गं तुहा मानूस, आता काह्याले रडते?"

त्यांना काय सांगू? मी माझ्या सासऱ्यासाठी रडत होते, पाच महिने उशिरा.