एनेलेसीच्या पाठीवरचं लाल नळकांडं

झोंबा शहराच्या बसथांब्यावर कुणालाही विचारा, ते सांगतील की मासळीवाल्या एनेलेसीचं तान्हं मूल मिनीबसच्या आगीत गेलं. तेव्हापासून बाई भ्रमिष्ट झाली आणि आग विझवायचं लाल नळकांडं चितेंजेत, बायका कमरेला नेसतात त्या कापडात, गुंडाळून, लेकरासारखं पाठीला बांधून फिरते. सांगणारे डोळेही पुसतात.

सगळं खोटं. एनेलेसीला एकच लेक, तियामिके. ती माझ्याच वर्गात आहे, धडधाकट आहे आणि गणिताच्या पेपरात माझंच बघून लिहिते. नळकांडं पाठीवर असतं, कारण डोक्यावर मतेंबाची, म्हणजे बारक्या सुक्या मासळीची, पाटी असते. तिसरी जागा कुठून आणायची?

आगीची गोष्ट मात्र खरी. तीन वर्षांपूर्वी लिम्बे शहरातून येताना ती बसली होती ती मिनीबस पेटली. माणसं उतरली, ड्रायव्हरनं नळकांडं काढलं. ते प्लास्टिकच्या पिशवीत जसंच्या तसं, कारण ते आगीसाठी नव्हतंच, नाक्यावरच्या पोलिसाला दाखवायला होतं. पिन हरवू नये म्हणून तारेनं करकचून बांधलेली. तो दातांनी तार सोडवत बसला, तोवर एनेलेसीनं कुणाचीतरी पाण्याची बादली उचलून रस्त्यावर सांडलेल्या जळत्या पेट्रोलवर ओतली.

"आणि आग पाण्यावर बसून माझ्याकडे चालत आली," असं ती सांगते. घाबरली की ती प्रत्येक गोष्ट तीनदा म्हणते. "चालत आली, चालत आली, चालत आली." तिची उजवी पोटरी अजून चुरगळलेल्या कागदासारखी दिसते.

पाय बरा झाल्यावर ती लिम्बेच्या दुकानात गेली. दुकानदारानं सगळ्यात मोठं नळकांडं पुढे सरकवलं. "हे न्या माई. आत पाणी आहे. मोठं आणि स्वस्त."

"भाऊ, पाणी मला शिकवू नका. माझी पोटरी बघा."

"मग हे गॅसवालं?"

"उघड्या रस्त्यावर वारा असतो. गॅस आगीजवळ थांबेल का? पेट्रोल, वायर, गादी, तिन्ही विझवणारं द्या."

शेवटी तिनं पावडरचं घेतलं, एका हातानं पेलेल एवढंच. दाबाचा काटा हिरव्यात आहे ना, सील शाबूत आहे ना, तारीख काय, हे बघून मगच. तेव्हापासून रोज सकाळी ती काटा बघते आणि नळकांडं उलटं करून बुडाला थापट्या मारते. बसच्या हादऱ्यांनी पावडर दगडासारखी बसते म्हणून. लांबून बघणाऱ्याला वाटतं, बाई बाळाला ढेकर काढायला लावतेय. अफवा तिथूनच निघाली असणार.

यंदा पेट्रोलचा तुटवडा पडला आणि तिची झोप उडाली. पंपावर पेट्रोल नाही म्हणून प्रत्येक गाडीत पेट्रोलचा कॅन. गेल्या मंगळवारी सकाळी ती लिम्बेला जायला ड्रायव्हर मलिसेनीच्या मिनीबसमध्ये चढली तोच तिच्या नाकात वास शिरला.

"बोनिफस, मागच्या बाकाखाली काय आहे?"

कंडक्टर बोनिफस नाकातून बोलतो. "खायचं तेल, माई."

"खायच्या तेलाला पेट्रोलचा वास?"

"लिम्बेवाले हल्ली यातच मासे तळतात!"

अख्खी गाडी हसली. एनेलेसी हसली नाही. उतरावं तर पुढच्या गाडीतही कॅन असणार. ती दाराजवळ बसली, नळकांडं मांडीवर घेतलं आणि वाटभर दाराची कडी बघत राहिली.

नमाद्झीच्या चढावर मलिसेनी अचानक सीटवरून अर्धा उठला. "सीट तापलीय," तो म्हणाला. या गाड्यांचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. त्या सीटच्या कडेनं धूर निघाला, पाठोपाठ एक पिवळी जीभ बाहेर येऊन आत गेली.

गाडी थांबली. सरकतं दार अडकलं. आत अठरा माणसं, मागे कॅन. कुणीतरी किंचाळलं. बोनिफसनं खिडकीतून हात बाहेर काढून दाराची बाहेरची मूठ ओढली, दार सुटलं.

"माणसं आधी! आधी! आधी!" एनेलेसी ओरडत होती. माणसं एकमेकांवर पडत उतरली. शेवटी बोनिफस कॅन छातीशी धरून शेताकडे पळाला. 

मलिसेनीनं सीट उचलायला हात घातला.

"उचलू नका! पूर्ण उघडलंत तर हवा मिळेल, भडका तोंडावर येईल. बोटभर फट. बोटभरच."

"माई, तुम्ही दूर व्हा, मी करतो."

"तुमचं नळकांडं कुठंय?"

मलिसेनीनं मागे बोट दाखवलं. ते मागच्या सामानाखाली होतं.

पिन दोनदा एनेलेसीच्या बोटांतून निसटली, तिसऱ्यांदा निघाली. वारा पाठीवर घेऊन ती उभी राहिली, मागे पळायला रस्ता मोकळा ठेवून. मनाशी ठरवलं, नळकांडं संपेपर्यंत आग विझली नाही तर गाडी जळू द्यायची. मलिसेनीनं पान्यानं सीट बोटभर उचलली. तिनं नळी ज्वाळेच्या शेंड्यावर नाही, बुडाशी धरली आणि कळ दाबली. एक, दोन, तीन, चार. डावीकडून उजवीकडे, झाडू मारल्यासारखी नळी फिरवत. सगळं पांढरं झालं. तिनं कळ सोडली. फटीत पुन्हा लाल दिसलं. पुन्हा दाबली. मग फक्त धूर. तरी पाठ न वळवता ती एकेक पाऊल मागे आली आणि रस्त्याच्या कडेला बसून ओकली.

संध्याकाळी मासळी तशीच घेऊन ती घरी परतली. आम्ही पोरी नळकांडं बघायला धावलो. काटा अजून हिरव्यातच होता, जरासा खाली.

"मावशी, अर्धं शिल्लक आहे!" मी म्हणाले. "उद्या बिनघोर जा."

"एकदा दाबलं की ते गेलं, पोरी. पावडर तोंडात अडकते, झडप नीट मिटत नाही. रात्रभर हवा गळते."

"काटा काय खोटं बोलतो का?"

"लाव पैज."

मी जिंकले तर महिनाभर तिच्या तोंडावर तिची नक्कल करायची मुभा. हरले तर मासळीची पाटी शाळेसमोरून थांब्यापर्यंत डोक्यावर न्यायची, नाक न धरता.

सकाळी काटा शून्यावर होता. ती जिंकली, पण चेहरा राखेसारखा. पावडर भरून मिळते ती लिम्बेत, आणि लिम्बेपर्यंत जायचं ते या रिकाम्या नळकांड्यानिशी. मी पाटी उचलली. ती पुढे चालत होती, आणि वाटभर तिच्या पाठीवरच्या नळकांड्याचा तो शून्यावर पडलेला काटा माझ्या तोंडासमोर हलत होता.