पंधराशे मीटरला एक फेरी कमी

सकाळी सात वाजून सोळा मिनिटांनी मुबीना अंतिम रेषेजवळच्या टेबलापाशी उभी राहून फेऱ्यांच्या पाट्या उलटत होती. मुलींच्या पंधराशे मीटरची विद्यापीठ निवड चाचणी चालू होती. पनवेलच्या या मैदानात चारशे मीटरची धावपट्टी बसत नाही. फक्कीने आखलेली तीनशेची फेरी, म्हणजे पाच वेळा गोल. सगळ्यांत पुढची मुलगी रेषेवरून गेली की पाटी उलटायची, एक फेरी उरली की घंटा वाजवायची. एका शाळेत खेळ शिकवणारी मुबीना हे काम अठरा वर्षं करत होती.

पुढे होती चिसोमो. मलावीची, चोवीस वर्षांची, फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला. मोहल्ल्यात मुबीनाच्याच घरी वरच्या खोलीत ती दोन वर्षं राहत होती. एकोणिसाव्या वर्षी आठशे मीटर दोन मिनिटं सात सेकंदांत धावून ती देशात तिसरी आली होती. पुढच्याच वर्षी नडगीच्या हाडाला चीर गेली, दोन हंगाम बुडाले, संघातली जागाही गेली. पनवेलला आल्यावर तिने आठशे सोडून पंधराशे धरलं. वेग उतरला होता, दम शिल्लक होता. पहाटे ती वडाळे तळ्याभोवती धावायची आणि स्टॉपवॉच मुबीनाच्या हातात असायचं. आंतरविद्यापीठ स्पर्धेला पंचविशीची अट. चिसोमोचं हे शेवटचं वर्ष.

दुसरी फेरी संपली, मुबीनाने पाटी उलटली. शेजारी नोंदी लिहायला बसलेल्या किशोरीने चहा पुढे केला. "घ्या मॅडम. साखर कमी आहे, नंतर मला बोल लावू नका."

मुबीना हसली, घोट घेतला. नजर वर केली तेव्हा हिरव्या जर्सीतली आफ्रिकन मुलगी रेषेवरून जात होती. तिने पाटी उलटली.

ती चिसोमो नव्हती. ती नीमा होती, टांझानियाची, चिसोमोच्याच कॉलेजची. मूळची भालाफेकीची, कॉलेजला सहभागाचा गुण मिळावा म्हणून उभी केलेली आणि अर्धी फेरी मागे पडलेली. चिसोमोपेक्षा वीतभर उंच, खांद्यांनी रुंद.

त्यामुळे घंटा एक फेरी आधी वाजली. बाकीच्या मुलींचे शिक्षक कडेला उभे राहून आपापल्या मुलीच्या फेऱ्या मोजत ओरडत होते, "तीन झाल्या! दोन राहिल्या!" चिसोमोचं कडेला कोणी नव्हतं. तिचं माणूस घंटेवर होतं.

ती जीव तोडून पळाली, बाराशे मीटरला रेषा ओलांडून गवतावर आडवी झाली. बाकीच्या पळतच राहिल्या. मुबीनाच्या ध्यानात आलं. तिने पाटी गुपचूप मागे घेतली आणि घंटा पुन्हा वाजवली.

मुख्य पंच अरुंधतीबाई लांब उडीच्या खड्ड्याकडून आल्या. "घंटा दोनदा ऐकली मी."

"पहिली हात लागून वाजली," मुबीना म्हणाली. "आकडा बरोबर होता. पोरीनेच मोजण्यात चूक केली."

किशोरी कपातल्या चहाकडे बघत राहिली. चिसोमोच्या नावापुढे 'शर्यत अपूर्ण' लागलं.

दुपारी चिसोमो जिन्यात भेटली. दोघींचं बोलणं हिंदीत चालायचं. "आपा, गिनती मेरी ठीक थी. घंटी बजी तो लगा, मैं ही ग़लत हूँ. घंटी पे आप थीं." एवढं बोलून ती वर गेली.

जुम्म्याची नमाज पढून आलेल्या इलियासला, आपल्या नवऱ्याला, मुबीनाने सगळं सांगितलं. तो भाकरी मोडता मोडता थांबला. "कुवेतला साहेब मला अकरा वर्षं बशीर म्हणायचा. बशीर केरळचा, माझ्याहून हातभर उंच. त्याला सगळे हिंदुस्थानी सारखेच." मग म्हणाला, "जेव तू."

मुबीनाने ताट सरकवून कागद काढला.

चार वाजता ती अर्ज लिहून अरुंधतीबाईंकडे गेली. त्यांनी वाचला. "'दुसऱ्या खेळाडूस चिसोमो समजून पाटी उलटली.' म्हणजे नीमाला?"

"हो."

"दोन वर्षं तुमच्या घरात जेवते ना ती?"

"हो."

"मग?"

जर्सी सारखी होती म्हणावं, असं मुबीनाच्या मनात आलं. पण त्याच जर्सीत कॉलेजच्या आणखी तीन इथल्या मुली पळत होत्या. त्यांच्यात तिची गल्लत झाली नव्हती.

"तक्रारीची मुदत अर्धा तास. ती संपली," अरुंधतीबाई म्हणाल्या. "पण चूक पंचाची असेल तर मी दुरुस्त करू शकते. उद्या एकटी पळेल, घड्याळावर. चार मिनिटं पन्नासच्या आत यायला हवं."

"आजच्या धावण्याने पाय गेलेत तिचे."

"हे सकाळी साडेसातला बोलायचं होतं, मॅडम."

घरी येऊन मुबीना वरच्या खोलीच्या दारात उभी राहिली. आत गेली नाही. "मैंने नीमा को तुम समझा. फिर झूठ भी बोला."

चिसोमो पोटरीला तेल चोळत होती. हात थांबला. "नीमा?" तिने विचारलं. मग मान खाली घालून पुन्हा चोळू लागली. "कल कितने बजे?"

मुबीनाने वेळ सांगितली.

उद्या, शनिवारी, चिसोमो सकाळी सहा चाळीसला पळेल. मैदानाच्या फाटकावर लावलेल्या पंचांच्या यादीत मुबीनाचं नाव नाही.