सैलकानचं रडगाणं

आमच्या नारीनकडच्या डोंगरात मेलेल्या माणसाची थोरवी रडून गायची असते, आणि सैलकान म्हातारीसारखं ते कुणाला जमत नाही. ती भिंतीकडं तोंड करून बसते, गळा काढते, आणि मेलेल्याला जन्मभर शिव्या घालणारासुद्धा दारात नाक शिंकरतो. या रडगाण्यात खोटं चालत नाही. मेलेला ऐकत असतो.

मागं तुर्दुबेकचं पोर घोड्यावरून नदी उतरताना वाहून गेलं. सैलकान नदीला शिव्याशाप देत त्याला रडली. शहरातल्या कुणा पाहुणीनं ते फोनवर घेतलं. पुढं ते कुठल्या हलकटाच्या हाती लागलं कोण जाणे! त्यानं नदी कापून टाकली, रडणं तेवढं ठेवलं आणि वर लाल अक्षरांत लिहिलं, ‘लस टोचली, पोर गेलं.’

हा व्हिडिओ फिरत फिरत मॉस्कोला पोचला. तिथं सैलकानची सून नुरझात खानावळीत भांडी घासायची. यंदा ती तान्ह्या बेक्सुलतानला घेऊन गावी आली, आणि पाठोपाठ शेजारच्या गावात गोवर शिरला. दोन लेकरं गेली.

मी शेजारीण, चहाला बसले होते.

“पोराला टोचून आण,” सैलकान म्हणाली.

“नाही आणणार. मी बघितलंय तुम्हाला रडताना.”

“अगं बये, ते पोर बुडालं होतं!”

“खरंच गं,” मी म्हटलं. “मी होते ना तिथं.”

“तुम्ही सगळे दवाखान्याला सामील. आई, घरात तुम्ही खोटं बोलाल, पण मयतापुढं खोटं रडणार नाही. हे तर गावच सांगतं!”

म्हातारीनं चहाची वाटी खाली ठेवली. आयुष्यभराची तिची अब्रू त्या भामट्यानं तिच्याच नातवावर सोडली होती.

ती उठली. लोकरीचा नमदा ओढून त्यावर भिंतीपाशी बसली, आमच्याकडं पाठ केली.

“माझ्या बेक्सुलताना, माझ्या शिंगरा...” तिनं सूर लावला.

जित्या माणसाला रडायचं म्हणजे त्याला खड्ड्यात उतरवणंच.

नुरझातनं झेप घेऊन तिचं तोंड दाबलं. “जीभ झडो तुमची! माझं लेकरू जितंय!”

सैलकाननं हात झटकला. “मी खोटं रडत नाही ना? मग बोल. थांबू, का पुरं करू?”

सून पोराला उचलून, तोंडानं शिव्या देतच, दवाखान्याच्या वाटेला लागली; आम्ही दोघी तिच्या मागोमाग.

दवाखान्यात नर्स एकटीच माश्या मारत बसली होती. लसीचा डबा भरलेला, बाकं रिकामी. सगळ्या आयांनी तोच व्हिडिओ बघितलेला.

सुई टोचली तसं बेक्सुलताननं भोकाड पसरलं.

“रड,” सैलकान त्याला म्हणाली. “तूच रड, भाड्या. माझ्यावर पाळी आणू नकोस.”

मग रिकाम्या बाकांकडं बघून ती जमिनीवर थुंकली.