आबांच्या वडिलांचा चाकू

आमच्या व्याह्यांच्या घरी बारा वर्षं दसऱ्याला ज्या चाकूची पूजा होत आली, तो चाकू त्यांच्या वडिलांचा नाही. तो मी बारामतीच्या बाजारात घेतलेला आहे. हे सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं. आता पंचाहत्तरी उलटली. हे ओझं घेऊन वर जायचं नाही, म्हणून सांगून टाकतो.

व्याही म्हणजे आबा. इंदापूरकडचे डाळिंबवाले. त्यांच्या बंडीच्या खिशात कायम एक लहानसा घडीचा चाकू असायचा. शिंगाची मूठ, बोटभर पातं. डाळिंब असो, सुतळी असो, नाहीतर पायात मोडलेला काटा असो, आबा चाकू खटकन उघडणार आणि म्हणणार, "वडलांचा हाय. लोखंड बघा, पाव्हणं! आता असलं मिळत न्हाय."

लेकीच्या लग्नाला तीनच महिने झाले होते. मी आणि आमची शालन पहिल्यांदाच तिच्या सासरी मुक्कामाला गेलो होतो. निघताना पिशवीची दोरी कापायला मी आबांकडे चाकू मागितला. त्यांनी तो माझ्या हातात दिला नाही, ओट्यावर ठेवला. (चाकू हातातून हातात दिला की दोन घरांत भांडण लागतं, अशी आमच्याकडची समजूत.) मी तो उचलला, दोरी कापली, चाकू मिटला आणि सवयीनं स्वतःच्याच खिशात टाकला!

भिगवणला शालनला पाण्यावरचे पक्षी बघायचे होते, म्हणून उतरलो आणि होडीत बसलो. तिनं पिशवीतून पेरू काढला. मी खिशात हात घातला, तर चाकू!

"अगं बया! ह्यो तर आबांचा!" शालन म्हणाली.

"असू दे. आधी पेरू खाऊ, मग काळजी करू."

पहिली फोड छान निघाली. दुसऱ्या फोडीला चाकू माझ्या अंगठ्यावरच मिटला. मी "आई गं!" म्हणून हात झटकला. डुबुक!

"पेरू हातात आन् चाकू पाण्यात?" शालन ओरडली. "टाकायचंच हुतं तर उलटं तरी टाकायचं!"

मी होडीवाल्याला विचारलं, "इथं पाणी किती खोल असेल?"

"चार परस तरी असंल, चार माणसं एकावर एक बुडतील एवढं. पोहता येतंय का तुमाला?"

"नाही."

"मग कशाला इचारताय?"

दुसऱ्याच दिवशी लेकीचा फोन आला. आवाज एकदम बारीक. "अप्पा, आबांचा चाकू सापडंना झालाय. जेवणावर मन न्हाय त्यांचं. आन् सासूबाई म्हणत्यात, घरात नवी माणसं यायला लागली की वस्तू जायच्याच!"

नवी माणसं म्हणजे कोण, हे मला समजावून सांगायची गरज नव्हती. चाकू पाण्यात गेला होता, आता सासरी लेकीची पतही त्याच्यामागं निघाली होती. मी घसा साफ करून म्हणालो, "अगं, माझ्याच खिशात आलाय चुकून! रविवारी आणून देतो."

तेव्हा तरी खरं बोलायचं की नाही? पण जीभ एकदा घसरली की चिखल संपेपर्यंत थांबत नाही.

मी बाजार गाठला. पस्तीस वर्षं साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर काढलेला माणूस मी! वस्तू हातात घेतली की वजन कळतं. आबांच्या चाकूचं वजन हाताला पक्कं आठवत होतं. बाकी मात्र काहीच आठवत नव्हतं! मुठीला खिळे दोन होते की तीन? मी शालनला फोन लावला.

"मला काय ठावं?" ती म्हणाली. "मी पक्षी बघत हुते."

मग मी परीक्षाच सुरू केली. चाकू उघडून खटका ऐकायचा, मूठ हलतेय का बघायचं, पात्यावरून नख फिरवायचं आणि शेवटी धार बघायला डाव्या हातावरचे केस काढायचे. पहिला हलका निघाला. दुसऱ्याचा खटका बोबडा. तिसरा केस कापण्याऐवजी उपटायला लागला. अकराव्या चाकूला दुकानदार म्हणाला, "आजोबा, चाकू घ्यायचाय का दाढीची प्रॅक्टिस करायचीय?"

तोच अकरावा घेतला. वजन तंतोतंत! पण चकाकत होता नव्या नवरीसारखा. मग चार दिवस घरातले सगळे कांदे, लिंबं आणि चिंचा मी त्याच चाकूनं कापल्या. पातं काळवंडलं. मुठीला चुलीतली राख चोळली. शेवटी शालन भडकली, "चाकू म्हातारा करता करता मला म्हातारी कराल!"

रविवारी मी ओट्यावर चाकू ठेवला. आबांनी चाकू उचलला, उघडला, खटका ऐकला. पात्याकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. एवढा वेळ बघितलं, की मला ऐन थंडीत घाम फुटला.

"व्हय," ते म्हणाले. "ह्योच की!"

विहीणबाईंनी लगेच लेकीला चहा टाकायला सांगितलं. मी जिंकलो! असं मला वाटलं.

पण पुढच्याच दसऱ्याला आमंत्रण आलं. हत्यारांच्या पूजेत कोयता, खुरपी, कुदळ आणि मधोमध पाटावर माझा अकरावा चाकू! "पाव्हणं, पयलं फूल तुमी वाहायचं. तुमच्याच हातनं परत आला की त्यो!" आबा म्हणाले. आणि मी त्या बाजारच्या मालाला झेंडूचं फूल वाहून हात जोडले. दर वर्षी! एकदा त्यांच्या भावकीतल्या कुणी तरी विचारलं, "खरंच एवढा जुना हाय का?"

आबांनी माझ्याकडे बोट केलं. "पाव्हण्यांस्नी इचारा. काट्यावरचा माणूस, खोटं बोलायचा न्हाय."

"ऐंशी वर्षांचा तरी असेल," मी म्हणालो. (जन्मात मापात पाप केलं ते एवढंच.)

या दसऱ्याला मात्र मी ठरवूनच निघालो. बारामती ते इंदापूर एसटीत एकच वाक्य घोकत होतो, "आबा, माझं चुकलं, मला माफ करा." शेजारची बाई शेवटी म्हणाली, "आजोबा, एवढं मनाला लावून घेऊ नका. घरी घेतील तुमाला."

पूजा झाली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात आबांनी चाकू पाटावरून उचलला आणि माझ्यापुढं ओट्यावर ठेवला.

"घ्या पाव्हणं. तुमचा तुमाला. बाजारचा माल हाय, पर बरा निघाला."

मी विचारलं, "कधी कळलं?"

"त्याच रविवारी. तुमच्या डाव्या हातावर मनगटापासनं कोपरापातुर एक केस न्हवता! जुना चाकू परत करणारा माणूस धार कशापायी बघंल?"

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो, तर लेकीला तुमच्या रोज ऐकून घ्यावं लागलं असतं. आमच्या मंडळींचं तोंड ठावं हाय न्हवं?"

"मला ऐकू येतंय!" आतून विहीणबाई कडाडल्या.

"आणि ती फुलं? बारा वर्षं?"

"ती माझी गंमत! फूल वाहताना तुमचं तोंड असं व्हायचं म्हणून सांगू, सणाचं जेवान त्यातच पचायचं!"

बारा वर्षांचं ओझं त्या ओट्यावरच उतरलं. डोळ्यांत पाणी आलं. मी चाकू उचलला. दारात लेक चहा घेऊन उभी होती. आबा वाट बघत होते. आता फक्त ते एसटीत पाठ केलेलं वाक्य तेवढं म्हणायचं होतं. मी छाती भरून श्वास घेतला.

"आबा," मी म्हणालो, "लोखंड बघा! आता असलं मिळत न्हाय."